वरची ज्योत पेटती आहे का?

जुलैत महाडला आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. छतावरचा सोलर नुसता शोभेला राहतो आणि पडवीतल्या गॅस गिझरवर सगळ्या घराची आंघोळ चालते. अशाच एका पावसाळ्यात आमचा गिझर हट्टाला पेटला. नळ सोडला की भक्कन पेटायचा, दोन-तीन सेकंद जळायचा आणि विझायचा. दुरुस्तीला आलेल्या पोराने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "काका, याला ज्योत दिसत नाहीये." मी म्हटलं, "अरे, चांगली निळी ज्योत दिसतेय की." तो म्हणाला, "तुम्हाला दिसून काय उपयोग? त्याला दिसायला पाहिजे."

त्याने पुढचं झाकण काढलं. बर्नरच्या रांगेवर दोन बारीक सळया होत्या, दोन्हींच्या बुडाशी चिनी मातीची पांढरी नळी. एक सळई टक्-टक् करत ठिणगी टाकते, ती आपल्या ओळखीची असते. दुसरी काहीच करत नाही, नुसतं टोक ज्योतीत बुडवून उभी असते. त्या दुसरीवर काजळीचा थर चढला होता. त्याने पॉलिश पेपरने ती लख्ख घासली आणि परत बसवली. गिझर पेटला, आणि या वेळी पेटता राहिला. मग मला कळावं म्हणून त्याने तिची वायर चिमटीत धरून उपसली. आतला व्हॉल्व्ह टक् करून बंद झाला आणि ज्योत गेली.

ज्योत हा तापलेला वायू असतो, आणि जळताना त्यात विद्युतभारित कण तयार होतात. म्हणून ज्योतीतून वीज वाहू शकते. वाहते ती अगदी किरकोळ, अँपिअरच्या काही दशलक्षांश भागांइतकी, पण मोजता येण्याजोगी. गिझरची ती मुकी सळई तेवढंच मोजते. वीज वाहते आहे म्हणजे ज्योत आहे, तेव्हा गॅस चालू राहू दे. वाहत नाही म्हणजे ज्योत नाही, गॅस बंद कर. सळई घाण झाली, वायर तुटली, सेल उतरला, काहीही झालं तरी उत्तर एकच: बंद. आमच्या गिझरने ज्योत असूनही ती नाही असं मानलं. त्याची ती चूक मला मनापासून आवडली. गार पाण्याने आंघोळ झाली, एवढंच नुकसान. ज्योत नसताना तो 'आहे' म्हणाला असता, तर पडवीत गॅस साचला असता.

आता हाच प्रश्न पडवीतून उचलून जमिनीपासून साठ-सत्तर मीटर किंवा त्याहून उंच, उघड्या वाऱ्या-पावसात नेऊन ठेवा.

पोलादपूर किंवा महाडहून रात्रीच्या एसटीने मुंबईला जाणाऱ्यांनी माणगाव, कोलाड मागे टाकल्यावर नागोठण्याच्या बाजूला अंधारात उंच जळणारी ज्योत पाहिलेली असते. आमच्याकडची लहान मुलं तिच्यावरून मुंबई जवळ आल्याचं ओळखतात. ही ज्योत पेट्रोकेमिकल कारखान्याची. इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीने १९९० च्या सुमारास तिथे गॅस क्रॅकर उभारला. पुढे ती कंपनी रिलायन्सकडे गेली. मुंबई हायचा वायू उरणला येतो, त्यातून वेगळे काढलेले इथेन आणि प्रोपेन नळाने नागोठण्याला येतात, आणि तिथल्या भट्ट्यांमध्ये आठशे अंशांच्या वर तापवून त्यांचं इथिलीन होतं. आपल्या बादल्या, पिशव्या, पाण्याच्या टाक्या आणि शेतातले पाइप अशाच इथिलीनचे बनतात.

अशा कारखान्यात अवघ्या नळांमधून पेटणारा वायूच फिरत असतो. समजा अचानक वीज गेली. कॉम्प्रेसर थांबला, पण मागून वायू येतच राहिला, आणि दाब चढत गेला. प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखे सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतात, पण ही वाफ हवेत सोडून चालत नाही. म्हणून सगळ्या व्हॉल्व्हची तोंडं एका मोठ्या नळात आणून सोडलेली असतात. तो नळ आधी एका पोटाळ पिंपात जातो, तिथे वायूबरोबर आलेले द्रवाचे थेंब खाली बसतात. पुढे पाण्याची सील असते, म्हणजे वरची आग उलटी नळात शिरत नाही. त्यानंतर उंच चिमणी आणि तिच्या टोकाला 'टिप'. वायू तिथे हवेत मिसळून जळतो. या सगळ्या व्यवस्थेला फ्लेअर म्हणतात.

बहुतेक दिवस त्या टिपमधून फारसं काही बाहेर पडत नाही. वायूचा लोंढा येतो तो अडचणीच्या क्षणी आणि न सांगता. तो आला की त्याच क्षणी पेटला पाहिजे. त्यासाठी टिपच्या कडेला छोटे बर्नर बसवलेले असतात, लहान टिपला एक, मोठीला तीन-चार. त्यांना स्वतंत्र नळाने इंधन मिळतं आणि ते बारा महिने चोवीस तास जळत ठेवायचे असतात. हेच पायलट. देवघरातल्या नंदादीपाला जसं विझू द्यायचं नसतं, तसंच यांना. फरक असा की नंदादीपाकडे घरातलं कुणी तरी येता-जाता पाहतं. पायलटकडे पाहणार कोण?

खालून तो दिसतो, असं आपल्याला वाटतं. दिसत नाही. स्वच्छ वायूची ज्योत फिकी असते, आणि भर दुपारी इतक्या उंचीवरची वीतभर निळसर ज्योत डोळ्यांना कळतच नाही. हायड्रोजन जास्त असेल तर ती जवळूनही जेमतेम जाणवते. रात्री आपल्याला जी दिसते, ती बहुतेक वेळा टिपवरची मोठी ज्योत असते, पायलटची नव्हे. मोठी ज्योत जळते आहे म्हणून पायलट जळत असतील असं धरता येत नाही. वाऱ्याच्या एका झोताने मोठी ज्योत उडाली की पायलट नसल्याचं तेव्हा उघड होतं, आणि तोवर उशीर झालेला असतो.

न पेटलेला वायू कुठे जातो ते त्याच्या वजनावर ठरतं. मिथेन हलका, तो वर जातो, आणि वर जाऊन वातावरण तापवतो. वीस वर्षांच्या हिशेबाने एक किलो मिथेनची ऊब कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी किलोंहून जास्त. प्रोपेन मात्र हवेच्या दीडपट जड. थंड, वारा पडलेल्या रात्री तो खाली उतरून सखल जागी साचू शकतो. हायड्रोजन सल्फाइडही हवेपेक्षा जड, आणि विषारी. जळला तर त्याचा निदान सल्फर डायऑक्साइड होतो, न जळता माणसांपर्यंत पोचला तर आधी वास येतो आणि प्रमाण वाढलं की वास ओळखण्याची शक्तीच जाते. न जळलेल्या वायूचा ढग काय करतो हे नागोठण्याने नोव्हेंबर १९९० मध्ये पाहिलं आहे. गळलेल्या वायूने पेट घेतला आणि तीसहून अधिक माणसं गेली. त्या अपघाताचा फ्लेअरशी संबंध नव्हता. तो इथे आठवण्याचं कारण एवढंच, की अशा वायूला ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्षणी पेटवण्याची धडपड कशासाठी असते ते आपल्या जिल्ह्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

एखादी गोष्ट आवाज न करता नाहीशी होते आणि ती नाहीशी झाल्याचं सांगणारं कुणी नसतं, याचा धडा महाडला वेगळ्या प्रकारेही मिळाला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीच्या पुरात ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला. अंधार, मुसळधार पाऊस. दोन एसटी बस आणि इतर वाहनं पूल असल्याच्या समजुतीने पुढे गेली. जवळच्या गॅरेजमधल्या एका माणसाच्या लक्षात आलं आणि त्याने धावपळ करून मागून येणाऱ्या गाड्या थांबवल्या. पूल नाही हे सांगणारा पहिला साक्षीदार तो. त्याच्याआधी त्या रस्त्यावर असं सांगणारं काहीही नव्हतं.

पायलटसाठी सगळ्यात जुना साक्षीदार म्हणजे थर्मोकपल. दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडायच्या आणि ते टोक तापवायचं. थंड टोकांशी किंचित विद्युतदाब मिळतो. हा परिणाम थॉमस सीबेक याने १८२१ मध्ये पाहिला. कारखान्यात सर्रास वापरतात त्या 'के टाइप' थर्मोकपलला ६०० अंशांवर सुमारे २५ मिलिव्होल्ट मिळतात, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात घालतो त्या सेलच्या साठाव्या भागाइतके. पायलटच्या तोंडाशी थर्मोकपल बसवायचं, तारा चिमणीवरून खाली कंट्रोल रूमपर्यंत आणायच्या. तापमान ठरवलेल्या आकड्याखाली गेलं की पॅनेलवर अलार्म.

ऐकायला सोपं. पण हा साक्षीदार जन्मभर आगीत उभा असतो. तारा ठिसूळ होतात, बाहेरचं आवरण जळतं. शिवाय तो सावकाश बोलतो. पायलट विझला तरी तापलेलं धातूचं टोक निवायला वेळ लागतो, कधी मिनिटं लागतात. वाऱ्याने मोठी ज्योत एका बाजूला झुकली तर ती विझलेल्या पायलटच्या थर्मोकपललाही चाटते, आणि तो बिचारा प्रामाणिकपणे सांगतो की मी गरम आहे. खोटं तो बोलत नाही. आपणच त्याला 'गरम आहेस का' असं विचारतो आणि त्याच्या उत्तराचा अर्थ 'पायलट पेटलेला आहे' असा घेतो.

आणि थर्मोकपलची तार तुटली तर? या एका तपशिलापाशी थांबायला हवं, कारण इथे अनेक जण फसतात. तार तुटली की खालच्या उपकरणाला काहीच कळत नाही. तेव्हा त्याने काय दाखवायचं हे आधी ठरवून ठेवावं लागतं: काटा एकदम वर न्यायचा, की एकदम खाली. भट्टीसाठी तो वर नेतात. भट्टी फार तापली आहे असं वाटून उपकरण इंधन तोडतं, आणि भट्टीसाठी तेच सुरक्षित. ही सवय इन्स्ट्रुमेंट विभागात इतकी मुरलेली असते की तीच मांडणी पायलटच्या उपकरणालाही लागू शकते. तिथे मात्र काटा वर म्हणजे 'ज्योत झकास जळते आहे'. तार तुटलेली, पायलट गेलेला आणि पॅनेलवर हिरवा दिवा. पायलटसाठी काटा खाली गेला पाहिजे. तुटलेल्या साक्षीदाराचं उत्तर 'नाही' असंच धरायला हवं. आमच्या गिझरला जे कळतं ते करोडोंच्या कारखान्यात एका सेटिंगमुळे उलटं होऊ शकतं.

थर्मोकपल बदलायचं तर वर चढावं लागतं, आणि फ्लेअर चालू असताना तिथे माणूस जाऊ शकत नाही. उष्णतेने होरपळेल. म्हणजे मोठ्या शटडाऊनची वाट पाहायची, आणि तो कधी कधी वर्षावर्षांनी येतो. दरम्यान पॅनेलवरचा अलार्म वाजत राहतो. पहिल्या शिफ्टला सगळे धावतात. आठवड्याने कुणी तरी लॉगबुकात लिहितं, 'पायलट दोनचं थर्मोकपल खराब, शटडाऊनमध्ये बदलणे.' महिन्याने नाईट शिफ्टचा ऑपरेटर वर न पाहताच बटण दाबून अलार्म शांत करतो. मी त्याला दोष देत नाही. रोज खोटं ओरडणाऱ्या यंत्राला माणसाने रोज खरं मानावं, ही अपेक्षाच चूक आहे. इलाज यंत्रात हवा. अलीकडे खालूनच ओढून काढता येणारी थर्मोकपल मिळतात. चिमणीला लागून वरपर्यंत एक नळी नेलेली असते, तिच्यातून जुनं काढून नवं सरकवायचं, फ्लेअर बंद न करता. मला विचाराल तर नव्या फ्लेअरवर सगळ्यात आधी याच्यावर खर्च व्हावा.

पायलट विझतात कशाने? वाऱ्या-पावसाने विझतात, पण फक्त त्यानेच नव्हे. बरेचदा इंधनच घात करतं. वायूत पाणी असतं, नळात गंज असतो, आणि पायलटचं भोक इतकं बारीक की गंजाचा एक कण ते बुजवायला पुरतो. म्हणून पायलटच्या वाटेत गाळणी असते, आणि ती साफ करायची राहून जाते. बाकी वारा-पावसाचं म्हणाल तर त्याचंही माप ठरलेलं आहे. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं फ्लेअरसाठीचं मानक जगभर वापरलं जातं. त्यानुसार पायलट कोरड्या हवेत ताशी १६० किलोमीटरच्या वाऱ्यात टिकला पाहिजे, आणि तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडत असताना ताशी १४० किलोमीटरच्या वाऱ्यात.

हे आकडे आपल्या डोंगराला लावून पाहिले. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. म्हणजे चांगला पायलट त्यातून तरला पाहिजे. पावसाचं गणित जास्त अटीतटीचं आहे. जुलै २०२१ मध्ये, तळिये गावावर डोंगर कोसळला आणि महाड पाण्याखाली गेलं त्याच वेळी, पोलादपूरच्या माथ्यावरच्या महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. सरासरी काढली तर तासाला पंचवीस. पण आमचा पाऊस सरासरीने पडत नाही हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कोरडा अर्धा तास आणि मग ढगच फुटल्यासारखा अर्धा तास, अशा पावसात तासाला पन्नासचा आकडा ओलांडायला फार काही लागत नाही. परदेशी मानक आपल्याला पुरतं की नाही, हे आपल्या पर्जन्यमापकांच्या नोंदी घेऊन तपासायचं असतं. कागदावर ते मानक पाळलं, एवढ्याने सह्याद्रीचं समाधान होत नाही.

थर्मोकपल हळू बोलतं म्हणून दुसरे साक्षीदार शोधले गेले. गिझरची मुकी सळई फ्लेअरवरही चढवली गेली. ती सेकंदा-दोन सेकंदांत सांगते, आणि 'गरम आहे का' यापेक्षा 'ज्योत आहे का' या प्रश्नाला जास्त थेट उत्तर देते. पण तिच्या बुडाची चिनी माती काजळीने आणि ओलाव्याने माखली की वीज भलत्याच वाटेने गळते. खाऱ्या कोकणी हवेत ही तक्रार आणखी वाढते.

मग डोळा. जमिनीवर खांब उभारून त्यावरून टिपकडे रोखलेला प्रकाशमापक. त्याचा मोठा गुण असा की तो खालीच असतो, शिडी लावून पुसता येतो. त्यातली एक कल्पना मला फार देखणी वाटते. सूर्याच्या अतिनील किरणांपैकी साधारण २८० नॅनोमीटरच्या खालचे किरण वरचा ओझोनचा थर गिळून टाकतो, ते जमिनीवर पोचतच नाहीत. ज्योत मात्र त्या पट्ट्यातलेही थोडे किरण सोडते. म्हणजे १८५ ते २६० नॅनोमीटर एवढंच पाहणारा डोळा केला, तर त्याच्यासाठी भर दुपारीही आकाश काळोखं असतं आणि त्यात ज्योत तेवढी उठून दिसते. पण आकाशातली वीज आणि वेल्डिंगचा झोतही त्याला ज्योतीसारखाच दिसतो. अंतर वाढलं, पाऊस आला, धूर आला की त्याची नजर मंदावते. तेव्हा इन्फ्रारेड वापरतात, ते लांबचं पाहतं. पण आंबेनळी घाटात जुलैच्या धुक्यात समोरच्या गाडीचे दिवे न दिसण्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना त्याचीही मर्यादा सांगायला नको. आणि मोठी ज्योत जळत असताना तिच्याशेजारचा पायलट या डोळ्याला बहुधा वेगळा काढता येत नाही.

चौथा साक्षीदार कान. प्रत्येक पायलटकडे जाणारा नळ थेट त्याच्या तोंडापर्यंत पोचलेला असतो. पायलट जळतो तेव्हा घरघरतो, आणि तो आवाज नळातून खाली येतो. खालच्या टोकाला संवेदक लावून एकेका पायलटचा आवाज ओळखायचा. पायलट विझला की आवाज बदलतो. डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात, त्यातलाच हा प्रकार. काही बदलायचं झालं तर जमिनीवरच.

यातला कुठला चांगला, असं विचारलं जातं. माझं मत असं की एकटा कुठलाच पुरेसा नाही, आणि एकाच प्रकारचे तीन घेतले तरी ती साक्ष एकच राहते. ज्या वाऱ्याने एक थर्मोकपल फसतं, त्याच वाऱ्याने शेजारची दोनही फसतात. धुक्यात डोळे आंधळे होतील तेव्हा कान चालू असले पाहिजेत. वादळाच्या गोंगाटात कान बहिरे होतील तेव्हा थर्मोकपलने सांगितलं पाहिजे. साक्षीदार एका घरातले नसावेत, हे कोर्टात जितकं लागू तितकंच इथेही लागू आहे.

बाहेरच्या जगात हे प्रकरण किती गंभीरपणे घेतलं जातं? अमेरिकेत तेलशुद्धीकरण कारखान्यांसाठी २०१५ मध्ये नियम कडक झाले. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडायचे. फ्लेअरकडे वायू जात असताना एखाद्या तुकड्यात एक मिनिटभरही पायलट नसेल, तर तो अख्खा तुकडा नियमभंगात मोजायचा. तरीही २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांच्या गटाने टेक्सास आणि नॉर्थ डकोटाच्या तेलक्षेत्रांवर विमानं फिरवून मोजलं, तेव्हा तीन ते पाच टक्के फ्लेअर विझलेलेच आढळले. फ्लेअर ९८ टक्के मिथेन जाळतो असं हिशेबात धरलं जात होतं. विझलेले आणि अर्धवट जळणारे मिळून प्रत्यक्षात ९१ टक्क्यांच्या आसपासच जळत होता. ही तेलक्षेत्रं ओसाड माळावर पसरलेली. तिथल्या कित्येक फ्लेअरकडे पाहायला माणूसच नसतो.

आपल्याकडे मुंबईच्या गोराई डम्पिंग ग्राउंडवर कचरा टाकणं थांबवून, त्यातला वायू गोळा करून जाळायची व्यवस्था झाली. ती क्योटो करारातल्या स्वच्छ विकास यंत्रणेखाली, म्हणजे जाळलेल्या मिथेनबद्दल कार्बन क्रेडिट मिळणार अशा बोलीने. त्या यंत्रणेची तेव्हाची अट वाचण्यासारखी होती. उघड्या फ्लेअरवर तासाभरात वीस मिनिटांहून जास्त काळ ज्योत नसल्याचं दिसलं, तर त्या संपूर्ण तासाचं जळण शून्य धरायचं. ज्योतीच्या साक्षीला रुपयांची किंमत लागली की ती साक्ष कशी काटेकोर होते, हे यातून कळतं. भारतात तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाचं १०६ क्रमांकाचं मानक फ्लेअर आणि सेफ्टी व्हॉल्व्हसाठी आहे. मोठे कारखाने ते पाळतात. मला काळजी वाटते ती लहान फ्लेअरची. देशावरच्या डिस्टिलऱ्यांच्या सांडपाण्यातून निघणारा बायोगॅस जास्त झाला की जाळतात ती छोटी चिमणी, तिच्यावरही पायलट असतो आणि तिच्याकडे पाहणारं सहसा कुणी नसतं.

महाडच्या एमआयडीसीत नागोठण्यासारखा भव्य फ्लेअर नाही. इथले कारखाने रंगांचे, औषधांच्या कच्च्या मालाचे, कीटकनाशकांचे. त्यांचे वायू बहुतेक स्क्रबरमध्ये धुतले जातात. पण ज्योतीची साक्ष इथेही रोज घेतली जाते, बॉयलर हाउसमध्ये. तेलावर किंवा गॅसवर चालणाऱ्या बॉयलरच्या बर्नरवर एक डोळा असतो, फोटोसेल किंवा अतिनील स्कॅनर. ज्योत गेली की काही सेकंदांत इंधन तुटतं आणि बॉयलर 'लॉकआउट'ला जातो. मग पंख्याने भट्टी पूर्ण फुंकून काढल्याशिवाय तो पुन्हा पेटू देत नाही, कारण आत साचलेल्या न जळलेल्या इंधनावर ठिणगी पडली तर दाराचे तुकडे उडतात.

एका जुन्या बॉयलर अटेंडंटने मला सांगितलेली गोष्ट. एका कारखान्यात बॉयलर वारंवार लॉकआउटला जायचा. ऑर्डर अडली होती, वरून दडपण होतं. कुणी तरी फोटोसेलच्या दोन वायरींना जंपर मारला, म्हणजे त्या एकमेकींना जोडून टाकल्या. बॉयलरला कायमची ज्योत दिसू लागली. चार दिवस सगळे खूश होते. पाचव्या दिवशी ज्योत गेली आणि इंधन येत राहिलं. माणसं जेवायला गेली होती म्हणून वाचली. दुरुस्तीला दार उघडलं तेव्हा मूळ दोष सापडला: फोटोसेलच्या काचेवर काजळी होती. फडक्याने पुसायचं काम.

अतिनील स्कॅनरचा एक दोष मात्र फडक्याने जात नाही. त्यातली नळी जुनी झाली की कधी कधी 'आहे' या उत्तरावर अडकून बसते, समोर ज्योत असो वा नसो. आंधळा झालेला साक्षीदार परवडतो, पण कायम होय म्हणणारा परवडत नाही. यावर शोधलेला उपाय असा: चांगल्या स्कॅनरमध्ये एक छोटी झडप असते, ती दर काही सेकंदांनी डोळ्यापुढे येते. झडप मिटलेली असताना डोळ्याने 'दिसत नाही' असंच म्हटलं पाहिजे. मिटल्या डोळ्यांनीही तो 'दिसतंय' म्हणाला, की यंत्र त्याला तिथल्या तिथे बाद करतं आणि इंधन तोडतं. सुरक्षेच्या विषयावर मी बरंच वाचलं आहे, पण या झडपेइतकं शहाणं दुसरं काही मला आढळलं नाही.

फ्लेअरच्या पायलटलाही अशी झडप हवी. यंत्रात नसेल तर माणसाने ती व्हावं. ठरवून, हवामान पाहून, इतर पायलट चालू ठेवून, एका पायलटचं इंधन मुद्दाम बंद करायचं आणि घड्याळ लावून बसायचं. अलार्म किती वेळाने आला? आला की नाही? मग दुसरा पायलट. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात, दोन्ही वेळा. मेमध्ये उत्तम चालणारा साक्षीदार जुलैत गप्प बसलेला सापडू शकतो.

३ नोव्हेंबर २०२३ ला महाड एमआयडीसीतल्या एका औषध कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि अकरा कामगार गेले. त्यानंतर इथल्या घरांत कारखान्यांविषयी बोलणं वाढलं, पण ते बहुतेक धूर, वास आणि नुकसानभरपाईपाशी थांबतं. रासायनिक अपघातांसाठीच्या १९९६ च्या केंद्रीय नियमांनुसार प्रत्येक औद्योगिक वसाहतीसाठी स्थानिक संकट गट असायला हवा. त्यात कारखाना निरीक्षक, अग्निशमन अधिकारी आणि पोलिसांबरोबर सरपंच, स्थानिक वृत्तपत्राचे संपादक, डॉक्टर आणि सामाजिक कार्यकर्तेही येतात. महाड असो, नागोठणे, उरण किंवा थळ असो, आपल्यापैकी कुणाची तरी त्यात ओळख निघतेच. पुढच्या बैठकीत त्यांच्यामार्फत एवढंच विचारावं: ज्योत तपासणारे साक्षीदार किती प्रकारचे आहेत, कुठल्याला जंपर तर मारलेला नाही ना, आणि ज्योत मुद्दाम बंद करून अलार्म शेवटचा कधी तपासला? तपासला असेल तर त्याची तारीख लॉगबुकात लिहिलेली असते.